पाठ, अर्थ आणि श्रद्धा



बायबलवरचा वाद बहुधा एकाच प्रश्नावर येऊन अडतो : हे खरे की खोटे? माझ्या मते या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. मुळात लिहिले काय होते? त्याचा अर्थ काय? आणि ते खरोखर घडले का? तिन्हींना पुरावा लागतो, पण वेगवेगळा. आपण ते एकत्र कालवतो आणि मग आवाज चढतात.

जैन डॉक्टरने बायबलवर का बोलावे, असे तुमच्या मनात येईल. बेळगावच्या मराठी वाचकाला हा विषय परका नाही. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले. शिवाय जुन्या ग्रंथावर जगण्याचा अनुभव मला दोन्हीकडून आहे, धर्माने आणि धंद्यानेही.

आधी पाठाचा प्रश्न घेऊ. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. दगड उचललेल्यांना येशू आधी स्वतःच्या पापाकडे पाहायला लावतो आणि एकेक जण निघून जातो. योहानाच्या शुभवर्तमानात ती आठव्या अध्यायाच्या आरंभी येते. पण चौथ्या शतकातल्या सिनैटिकस आणि व्हॅटिकेनस या दोन थोर हस्तलिखितांत ती नाही. काही हस्तलिखितांत ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात सापडते. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या बेझा हस्तलिखितात मात्र ती योहानातच आहे. संत ऑगस्टीनला वाटे की, बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ती गाळली असावी. आजचे बहुतेक अभ्यासक ती मागाहून आली असे मानतात आणि अनेक आवृत्त्या ती कंसात छापतात. हे शोधून काढले ते प्रामुख्याने ख्रिस्ती विद्वानांनीच, हे विसरू नका. आणि गोष्ट मागाहून आली असली, तरी तिच्यातली करुणा त्यामुळे खोटी ठरत नाही. पाठाचा निकाल लागला. मोलाचा प्रश्न वेगळाच राहिला.

दुसरा प्रश्न अर्थाचा. यशयाच्या ग्रंथात सातव्या अध्यायात 'आल्मा' असा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, असा शब्द आला आणि मत्तयाने येशूच्या जन्माची कथा सांगताना तोच आधार घेतला. १९५२ साली अमेरिकेत निघालेल्या नव्या इंग्रजी आवृत्तीने यशयात 'तरुण स्त्री' छापले, तेव्हा एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले. एका शब्दाने एवढे होते! पंडिता रमाबाईंनी हे ओझे ओळखले होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून मराठी बायबल सिद्ध केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. त्यांची श्रद्धा पक्की होती, आणि म्हणूनच मूळ शब्दापर्यंत जाण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. येशूचे पुनरुत्थान झाले का? पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचे. म्हणजे क्रूसावरील मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत ही श्रद्धा होती, इतके इतिहास खात्रीने सांगतो. श्रद्धा होती याचा पुरावा आहे. घटना घडली याचा निर्णय मात्र कागद एकटा देऊ शकत नाही. तिथे माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टी येते, आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

माझ्या दवाखान्यात हाच भेद रोज समोर येतो. 'डॉक्टर, तुमच्या गोळ्यांनी गुण आला,' असे पेशंट सांगतो. बरे वाटले, हे त्याचे म्हणणे खरेच असते. गोळ्यांमुळेच बरे वाटले, हे दुसरे विधान. त्याला वेगळा पुरावा लागतो आणि तो मागणाऱ्यावर मी रागावत नाही. आमच्या 'ऑर्गनॉन'चीही गंमत ऐका. हानेमान १८४३ साली वारले. सहाव्या आवृत्तीचे हस्तलिखित तयार होते, पण ते छापले गेले १९२१ साली. तोवर १८३३ची पाचवी आवृत्तीच आमच्या पूर्वसूरींना अखेरची होती. पाठाचा प्रश्न फक्त धर्मग्रंथांना पडतो असे नाही.

आणि आम्ही जैन? वलभीच्या वाचनेत पाचव्या शतकात लिहून निघालेली आगमे श्वेतांबर प्रमाण मानतात. मूळ आगमे लुप्त झाली, असे दिगंबर म्हणतात. महावीर दोघांचेही. तेव्हा शेजाऱ्याच्या पोथीतला पाठभेद दाखवून हसणाऱ्याने आधी आपल्या घरातली कपाटे उघडावीत.

अनेकांताचा अर्थ काही लोक 'सगळ्यांचेच खरे' असा लावतात. तो आळस झाला. 'स्यात्' म्हणजे कोणत्या अपेक्षेने बोलतो ते आधी सांग. बायबलवर वाद घालताना एवढे पथ्य पाळा : पाठाबद्दल बोलतो, अर्थाबद्दल की घटनेबद्दल, हे पहिल्या वाक्यात सांगा. समोरच्यालाही तेच विचारा. निम्मे भांडण तिथेच मिटेल, आणि उरलेले निम्मे भांडण्याजोगे असेल.