सुसंवाद हाही उपचारच
(इंदुरी, ता. मावळ येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



इंद्रायणीच्या काठी वसलेल्या आपल्या इंदुरीला दाभाडे सरदारांच्या किल्ल्याचा वारसा आहे, तसे तळेगाव व चाकणच्या उद्योगांचे सान्निध्यही आहे. त्यामुळे येथल्या दवाखान्याच्या रांगेत मावळातील शेतकऱ्याशेजारी परप्रांतातून आलेला कामगारही दिसतो. दवाखाने आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत. तथापि रोगी आणि डॉक्टर यांच्या बोलण्यातील अंतर अद्याप पुष्कळ आहे.

हे अंतर किती महाग पडते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता; परंतु तशी तपासणी पूर्वी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. दुखणे घरोघरी होते. ते आपुलकीने विचारणारे कोणी नव्हते आणि न विचारता सांगण्याची रीत नव्हती.

क्षयरोगाचेच पाहा. साध्या क्षयरोगावर सहा महिने औषध घ्यावे लागते. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, अंगात बळ येते, आणि रोगी गोळ्या बंद करतो. मग रोग उलटतो व नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. बरे वाटू लागले तरी गोळ्या का घ्यायच्या, हे रोग्याला समजेल अशा शब्दांत सांगणे म्हणूनच औषधाइतके आवश्यक आहे.

रांगेत शंभर माणसे असता डॉक्टरांनी प्रत्येकाशी निवांत बोलावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही, हेही मान्य केले पाहिजे. यावर जामखेडने मार्ग दाखविला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे कार्य आरंभिले आणि खेड्यातील, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्या गावच्या भाषेत बोलत, म्हणून त्यांचे म्हणणे घराघरांत पोचले. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली नेमल्या गेलेल्या आशा स्वयंसेविकांकडे आपण याच दृष्टीने पाहावे.

कायदाही आज रोग्याच्या बाजूस आहे. उपचाराची पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. औषधांची नावे सुवाच्य लिहावीत, अशी दुरुस्ती वैद्यकीय आचारनियमांत २०१६ साली झाली. २०१९ पासून वैद्यकीय शिक्षणक्रमात संवादकौशल्याचा समावेश आहे. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असा नियम महाराष्ट्रात २०२१ साली झाला.

परंतु हक्क भिंतीवर लागल्याने धिटाई येत नाही. म्हणून काही साध्या सूचना मांडतो. दुखणे केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे शिक्षकांनी वा आशाताईंनी रोग्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे; जुने कागद बरोबर न्यावयास सांगावे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी “समजले ना?” असे विचारू नये, कारण त्यावर मान डोलविण्याची आपल्याकडे सवय आहे. “आता घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते सांगा पाहू,” असे विचारावे. म्हणजे चूक तेथेच उमगेल. अक्षरओळख नसणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य व चंद्र काढून वेळ दाखवावी. स्त्रियांशी बोलताना आडोसा असावा. परभाषिक कामगारासाठी दुभाष्या शोधून ठेवावा.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आपल्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि कोणते काम कोणाकडे, हे त्याच बैठकीत ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.