विषारी अळंबीचा पाठपुरावा

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी तुम्ही परीकथांच्या चित्रांत पाहिली असेल. दिसायला देखणी, पण विषारी. कोपनहेगनच्या फार्मसी महाविद्यालयात औषधी रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक पोव्हल क्रॉग्सगार्ड-लार्सन तिच्या मागेच लागले. तिच्यातलं मस्किमॉल हे द्रव्य मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ची नक्कल करतं, औषध म्हणून मात्र ते द्यायची सोय नाही. मग त्यांनी रेणूची मोकळी, हलती बाजू वळवून कड्यात बांधून टाकली. हेच गॅबोक्सॅडॉल, १९७७ साली जगापुढे आलं. झोपेचं औषध म्हणून ते अगदी शेवटच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, आणि २००७ मध्ये कंपन्यांनी काम थांबवलं. या क्षेत्रात हे काही नवलाचं नाही म्हणा!

क्रॉग्सगार्ड-लार्सन यांच्या दुसऱ्या संशोधनातलं निपेकोटिक आम्ल मेंदूत नीट शिरतच नव्हतं. नोव्हो नॉर्डिस्कच्या रसायनतज्ज्ञांनी त्याला स्निग्धात विरघळणारं शेपूट जोडलं आणि अपस्मारावरचं टियागाबाइन तयार झालं. अळंबीतल्याच आयबोटेनिक आम्लावरून घडवलेल्या ‘अ‍ॅम्पा’ रेणूचं नाव तर मेंदूतल्या एका ग्राहीलाच मिळालं. हे सगळं चालू असताना त्यांचं शिकवणं सुटलं नाही. औषधरचनेवरचं त्यांनी सहसंपादित केलेलं पाठ्यपुस्तक फार्मसीच्या विद्यार्थ्यांना चांगलंच परिचयाचं आहे.