खासगी नौकेने मायदेशी परतताना



अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही वऱ्हाडचा समुद्राशी संबंध जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांकडे रवाना होत असे. परदेशी गेलेले आपले तरुण बहुधा विमानाने परततात. परंतु शिडाच्या नौकेने महासागर ओलांडण्याचे साहसही भारतीयांना आता परके राहिलेले नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये नौदलाच्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. खासगी नौकेने परतणाऱ्याने मात्र कोणते नियम पाळावेत, याची माहिती असणे अगत्याचे आहे.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील कलम २९ अन्वये परदेशातून येणारी नौका प्रथम अधिसूचित सीमाशुल्क बंदरातच लागली पाहिजे. स्वतःच्या गावचा धक्का जवळ आहे, एवढ्या कारणास्तव तेथे उतरता येत नाही. वादळ, अपघात वा अन्य अपरिहार्य कारणाने दुसरीकडे आश्रय घ्यावा लागल्यास नौकेच्या तांडेलाने जवळच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखास तत्काळ वर्दी द्यावी आणि मागणी होताच लॉगबुक दाखवावे. संमती मिळेपर्यंत माल उतरविता येत नाही, तसेच कोणालाही नौकेपासून दूर जाता येत नाही. जीव वाचविण्यासाठी किनारा गाठणे हा गुन्हा नव्हे. ते लपविणे हा गुन्हा होय.

बंदरात येताना पिवळे निशाण लावण्याची आंतरराष्ट्रीय प्रथा आहे. त्यानंतर आरोग्य, पारपत्र आणि सीमाशुल्क अशी तपासणी होते. कलम ७७ नुसार प्रत्येकाने आपल्या सामानाची घोषणा करावयाची असते. वापरातील वैयक्तिक वस्तूंना ठरावीक मर्यादेत शुल्कमाफी मिळते. या मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने प्रवासापूर्वीच चौकशी करावी. परदेशात विकत घेतलेली नौका भारतात कायमची ठेवावयाची असल्यास ती प्रवासी सामानात मोडत नाही; तिच्या आयातीची कार्यवाही स्वतंत्रपणे करावी लागते. चोरट्या आयातीसाठी वापरलेली नौका कलम ११५ खाली जप्तीस पात्र ठरते.

हे नियम जाचक वाटणाऱ्यांनी १९९३ साल आठवावे. त्या वर्षाच्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके चोरून उतरविण्यात आली. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांनी प्राण गमावले. पुढे त्या खटल्यात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जणही दोषी ठरले. कायदा कागदावर होता. किनाऱ्यावर त्याचे पालन झाले नाही.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी परदेशी जाणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. दुसऱ्याने दिलेले बंद पुडके आपल्या सामानात घेऊ नये, आणि जवळ जे असेल ते विचारण्यापूर्वीच घोषित करावे. प्रामाणिक घोषणेमुळे फार तर शुल्क भरावे लागेल. लपवाछपवीने माल, नौका आणि स्वातंत्र्य ही तिन्ही गमावण्याची वेळ येऊ शकते.