थरथर, गोंगाट आणि मराठी : फेज-लॉक्ड लूपच्या निमित्ताने

(सुरत येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



भाषेच्या व्यासपीठावरून एका इलेक्ट्रॉनिक मंडलाविषयी बोलणे काहींना वेगळे वाटेल. मी या शहरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले लिंबायत, उधना या भागांतल्या मराठी घरांतून येतात. वडील मागावर, प्राथमिक शाळा महापालिकेची मराठी माध्यमाची, आणि पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत. या मुलांना विषय समजत नाही, असे सर्रास म्हटले जाते. माझा अनुभव असा, की विषय समजतो. समजलेले सांगायला शब्द सापडत नाहीत. म्हणून आज एक अवघड मानला गेलेला विषय मराठीतच मांडून पाहतो.

आपल्या मोबाइलमध्ये क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. तो अतिशय स्थिर कंप पावतो, पण एकाच वारंवारतेवर, आणि तीही काही दशलक्ष हर्ट्झ एवढीच. संभाषणाला मात्र अब्जावधी हर्ट्झच्या, हव्या तेव्हा बदलता येणाऱ्या वारंवारता लागतात. तशा देणारा ऑसिलेटर बनवता येतो. व्होल्टेज बदलले की त्याची वारंवारता बदलते. तो चपळ असतो, पण चंचलही. फेज-लॉक्ड लूप या दोघांची गाठ घालते. चपळ ऑसिलेटरच्या वारंवारतेला एका संख्येने भागायचे, भागून आलेल्या संकेताची स्फटिकाशी तुलना करायची, जो फरक दिसेल तो गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, न्यायचा आणि त्यानेच ऑसिलेटर ताळ्यावर आणायचा. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ याने १९३२ मध्ये रेडिओ-ग्रहणासाठी ही कल्पना मांडली.

दिंडीत चाललेल्या टाळकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. त्याचा कान पखवाजाकडे असतो आणि हात त्याप्रमाणे सावरत असतो. पखवाजाच्या प्रत्येक बारीक हिसक्यामागे तो धावला, तर पखवाजाचे दोष त्याच्या टाळात उतरतात. फारच सावकाश सावरला, तर त्याच्या स्वतःच्या हाताची चूक तशीच राहते. लूपची बँडविड्थ म्हणतात ती हीच गोष्ट. बँडविड्थच्या आत संदर्भाचा आणि तुलना करणाऱ्या भागाचा रव वरचढ असतो. बाहेर ऑसिलेटरचा स्वतःचा. दोन्हींचे आलेख जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या आसपास बँडविड्थ ठेवली की एकूण थरथर सर्वांत कमी होते.

दुसरा मुद्दा भागाकाराचा. १० मेगाहर्ट्झच्या संदर्भापासून १ गिगाहर्ट्झ हवे असेल, तर भाजक १०० लागतो आणि तुलनेच्या टप्प्यावरचा रव ४० डेसिबलांनी वाढून बाहेर येतो. संदर्भ १०० मेगाहर्ट्झचा घेतला, तर भाजक १० होतो आणि वाढ २० डेसिबलांवर येते. मग वारंवारतेच्या मधल्या पायऱ्या कशा मिळवायच्या? त्यासाठी भाजक सतत बदलता ठेवून त्याची सरासरी अपूर्णांकात आणतात. त्यातून निर्माण होणारा रव वरच्या वारंवारतांकडे ढकलला जातो आणि तो अडवण्याचे काम पुन्हा गाळणीकडेच येते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर जुन्नर तालुक्यात खोडदजवळ उभे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. त्या सर्वांनी मिळून एका दुर्बिणीसारखे पाहायचे असते. मूळ रचनेत मध्यवर्ती इमारतीतून एकच संदर्भ-संकेत प्रकाशतंतूंवाटे प्रत्येक डिशकडे जाई आणि तिथला ऑसिलेटर त्याला लॉक केलेला असे. १४२० मेगाहर्ट्झवर एक आवर्तन सुमारे ७०४ पिकोसेकंदांचे असते; त्यामुळे ५९ पिकोसेकंदांची थरथर म्हणजे ३० अंश. प्रत्येक डिशमध्ये सरासरी एवढी स्वतंत्र डळमळ असेल, तर दोन डिशच्या संकेतांतला मेळ सुमारे ७६ टक्क्यांवर येतो. म्हणजे आकाशातून आलेल्या माहितीचा जवळजवळ चौथा हिस्सा जमिनीवर पोचल्यानंतर हरवतो.

आता आपल्या गावातले उदाहरण. एका लहान कार्यशाळेत असेच एक मंडल तपासणीला होते. पडद्यावर मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना ५० आणि १०० हर्ट्झ अंतरावर बारीक रेषा दिसत. त्या वीजपुरवठ्याच्या होत्या. चांगला रेग्युलेटर लावल्यावर दबल्या. आणखी काही रेषा मात्र हटेनात. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हा गोंगाट नाही, ही थरथर आहे. शेजारचे माग बंद झाले की जाते.” तिने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका घटकावर हलके टिचकी मारली. गाळणीतल्या सिरॅमिक कपॅसिटरवर टिचकी बसताच रेषा उसळल्या. त्या जातीचे सिरॅमिक दाबले गेले की स्वतःच व्होल्टेज निर्माण करते. मागांचा हादरा टेबलातून कपॅसिटरमध्ये आणि तिथून ऑसिलेटरमध्ये शिरत होता. त्या जागी फिल्म कपॅसिटर बसवला, तळाशी रबर घातले, आणि रेषा गेल्या.

मागांच्या आवाजात वाढलेल्या मुलीला गोंगाट आणि थरथर यांतला फरक शिकवावा लागला नाही. इंग्रजीत उत्तर द्यायचे असते, तर ती गप्प बसली असती, असे मला वाटते.

म्हणून परिभाषेविषयी थोडे बोलतो. फेजला मराठी विश्वकोशात ‘कला’ म्हटले आहे. मुलांना आधी चित्रकला आठवते. पण चंद्राच्या कला आठवून दिल्या, की चंद्र तोच आणि चक्रातले स्थान बदलते, हे लगेच उमगते. ‘रव’ लहान आणि सोयीचा शब्द आहे. जिटरला मी ‘थरथर’ म्हणतो : ठोका वेळेच्या किंचित आधी किंवा नंतर पडणे. फेजचा रव आणि थरथर या दोन वेगळ्या व्याधी नव्हेत. एकच व्याधी एकदा वारंवारतेच्या आणि एकदा काळाच्या अंगाने पाहिलेली. आणि लूप, फिल्टर, ऑसिलेटर हे शब्द रुळले आहेत. ते हटवण्यात शक्ती घालवू नये.

अकादमीला माझी विनंती एवढीच : शब्दांची यादी छापण्यापूर्वी प्रत्येक शब्द एखाद्या कारागिराच्या आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या वाक्यात घालून पाहावा. ज्या शब्दाने बिघाड सापडतो, तो शब्द टिकतो. असे शब्द उधन्याच्या गल्ल्यांत आहेत. ते गोळा करायला कुणीतरी तिथे जायला हवे.