चिठ्ठ्यांचा ढीग आणि घड्याळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावी कानावर पडलेले वऱ्हाडी शब्द मी बरीच वर्षं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतो आहे. पऱ्हाटी, डवरा, तिफण, बंडी, उलंगवाडी... एका शब्दाला एक चिठ्ठी. अशा दोन हजार चिठ्ठ्या जमल्या. हे शब्द रोज बोलणारी माणसं आता थकली आहेत. त्यांच्या हयातीतच अर्थ तपासून घ्यायचे, तर हवी ती चिठ्ठी चटकन सापडायला हवी. म्हणजेच सगळ्या चिठ्ठ्या अकारविल्हे लागायला हव्यात.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण कॉम्प्युटर शिकणारी दोन मुलं म्हणाली, ‘‘चाचा, ढीग लावायच्या पद्धती पुष्कळ आहेत. कुठली लवकर संपते, ते करूनच बघू.’’

आधी क्रमाचा नियम ठरवला. उर्दू दीवानात गझला शेवटच्या अक्षराच्या क्रमानं लावायची रीत आहे. आम्ही पहिल्या अक्षरापासून निघालो. मग ‘ळ’ आडवा आला. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो, कॉम्प्युटरच्या युनिकोड यादीत मात्र ‘ल’च्या लगेच पुढे. म्हणून आपल्याकडे ‘कावळा’ आधी आणि ‘काळ’ नंतर, तिकडे उलटं. नियम एक नसेल तर शर्यतीला अर्थ नाही.

मग 32 चिठ्ठ्या पिसल्या. पहिली पद्धत निवडीची. सगळा ढीग बघून सर्वांत आधी येणारी चिठ्ठी काढायची, उरलेल्यांतून पुन्हा तसंच. तुलना 31, मग 30, मग 29, एकूण 496. ढीग कसाही असो, आकडा तोच.

दुसरी खोवण्याची. पत्ते खेळताना आपण हातात नवं पान खोवतो, तशी. पिसलेल्या ढिगाला पावणेतीनशेच्या आसपास तुलना लागतात. ढीग पुरता उलटा असेल तर 496, आधीच लागलेला असेल तर फक्त 31!

तिसरी बुडबुड्याची. शेजारच्या दोन चिठ्ठ्या बघायच्या आणि क्रम उलटा असेल तर त्यांची अदलाबदल करायची. तुलना जवळपास निवडीइतक्याच. पण निवडीत जास्तीत जास्त 31 अदलाबदली होतात. बुडबुड्यात ढीग उलटा असेल तर 496. मुलं तुलना मोजत होती, मी घड्याळ बघत होतो. कागदावर बरोबरीत सुटलेल्या या दोन पद्धती टेबलावर बरोबरीच्या राहिल्या नाहीत. काय मोजायचं, यावर निकाल ठरतो तो असा.

चौथी जोडणीची. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं ती 1945 साली मांडली. ढिगाचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, असं एकेक चिठ्ठी उरेपर्यंत करायचं. मग लागलेले दोन ढीग समोरासमोर ठेवून वरच्या दोन चिठ्ठ्यांतली आधीची उचलत जायचं. 32 चिठ्ठ्यांना फार तर 129 तुलना.

खरी गंमत ढीग वाढवल्यावर कळते. 64 चिठ्ठ्या घेतल्या, तर निवडीच्या तुलना 2016, म्हणजे चौपट. जोडणीच्या फार तर 321, म्हणजे अडीचपट. माझ्या दोन हजार चिठ्ठ्यांना निवडीनं 19 लाख 99 हजार तुलना लागल्या असत्या, जोडणीनं 20 हजारांच्या आत. सेकंदाला एक तुलना धरली, तर एकीकडे अखंड 23 दिवस-रात्री आणि दुसरीकडे साधारण साडेपाच तास.

मग नेहमी जोडणीच वापरावी का? तसंही नाही. आधीच लागलेल्या 32 चिठ्ठ्यांनाही जोडणी 80 तुलना करते, तिथं खोवणीला 31 पुरतात. आठ-दहा चिठ्ठ्यांवर तर आमच्या घड्याळात खोवणीच जिंकली. ढीग पाडून मांडण्यात वेळ जातो. टिम पीटर्स यांनी 2002 साली ‘पायथन’ या संगणकभाषेसाठी जी पद्धत लिहिली, तिचं मर्मही हेच. लहान तुकडे खोवून लावायचे, आधीच लागलेले तुकडे तसेच उचलायचे, मग सगळे जोडायचे.

आम्हीही तेच केलं. दहा-दहा चिठ्ठ्यांच्या गड्ड्या खोवून लावल्या आणि मग दोन-दोन गड्ड्या जोडत गेलो. ‘कुठली पद्धत चांगली’ हा प्रश्न अर्धाच आहे. चिठ्ठ्या किती, आल्या कशा क्रमानं आणि आपल्याला जड काय जातं, बघणं की हलवणं, हेही विचारावं लागतं.

आता नव्या शब्दाची चिठ्ठी लागलेल्या खोक्यात नुसती खोवायची असते. एखादी म्हातारी वेचणी करताना अनोळखी शब्द बोलून गेली, तर तो आपल्याकडे आहे की नाही, हे ती समोर असतानाच कळतं. नसेल, तर अर्थ तिलाच विचारता येतो.