वंश आणि कायदा

पांढऱ्यावर काळें करणें हा कायदेपंडितांचा नित्याचाच व्यवसाय. परंतु गोरा कोण, हें ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांचीहि कशी त्रेधा उडते, हें अमेरिकेंतील दोन निकालांवरून दिसतें. तेथील १७९० च्या कायद्यानें परदेशीयांपैकीं केवळ स्वतंत्र गोऱ्या मनुष्यास नागरिकत्व देऊं केलें. १८७० सालीं आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यांत भर पडली. गोरा म्हणजे कोण, याचा खुलासा मात्र कायद्यांत नव्हता.

ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षें अमेरिकेंत राहिलेले. १९२२ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति सदरलंड यांनीं सांगितलें कीं, कातडीचा रंग पाहावयाचा नाहीं. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. पुढें तीनच महिन्यांनीं पंजाबचे भगतसिंग थिंद यांचें प्रकरण आलें. ते महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत होते, आणि त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानच्या लोकांस कॉकेशियनच मानीत. तेव्हां त्याच न्यायमूर्तींनीं शास्त्र बाजूस सारलें आणि सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच गोरा, असा निवाडा दिला! येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. थिंद यांच्या बाजूनेंहि आर्य रक्ताचा आणि उच्च जातीचा हवाला देण्यांत आला होता. दार सर्वांस उघडा, असें तें म्हणणें नव्हतें. आपणांस तेवढें आंत घ्या, असें होतें.

यानंतर पूर्वीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचाहि हक्क हिरावून घेण्यास सरकारनें आरंभ केला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ पासून नागरिक. खटला त्यांच्यावरहि झाला. १९२६ सालीं अपील न्यायालयानें तो फेटाळला, पण पंडित गोरे ठरले म्हणून नव्हे. न्यायालयाच्या ज्या निर्णयावर सरकारनें वेळीं अपील केलें नाहीं, तो पुन्हां उकरतां येत नाहीं, इतकेंच कारण. वंशाचें कोडें न सोडवितांच न्याय झाला, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आजचें आनुवंशशास्त्र मानवजातीचे असे काटेकोर कप्पे मानीत नाहीं. म्हणून हा शब्दच कायद्यांतून पुसावा, असें कित्येक म्हणतात. तें पटण्यासारखें नाहीं. शब्द पुसल्यानें अधिकाऱ्याच्या नजरेंतला भेद पुसला जात नाहीं. भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमांत वंश हा शब्द आहे, व्याख्या नाहीं. आणि तें योग्यच झालें. तक्रारदार कोणत्या वंशाचा, हें न्यायाधीशानें मोजीत बसूं नये. वंशाच्या सबबीवर त्यास वेगळें वागविलें कीं काय, तेवढें पाहावें.

थिंद १९३६ सालीं नागरिक झाले, ते माजी सैनिक म्हणून. इतर हिंदी लोकांस तो हक्क १९४६ सालीं मिळाला. नव्यानें येणाऱ्यांस मात्र वर्षाला अवघ्या १०० जणांची मर्यादा होती. नागरिकत्वासाठीं वंश पाहण्याची अट १९५२ च्या कायद्यानें गेली.