मालवणचा सिंधुदुर्ग

मंडळी, चला, आज आपण मालवणला जाऊ. धक्क्यावरून होडीत बसलो, की थोड्याच वेळात सिंधुदुर्ग येतो.

1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. तेव्हा समुद्रावर सिद्दी आणि फिरंगी यांचा जोर होता. समुद्र राखायचा, तर समुद्रातच ठाणे हवे, हे महाराजांनी ओळखले.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारे पाणी, पण यांचे पाणी गोड! राजाराम महाराजांनी बांधलेले शिवरायांचे देऊळही इथे आहे.

2025 साली हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. पाहुणे आले, की होडीवाल्याला, खानावळवालीला, खोली देणाऱ्याला चार पैसे मिळतात. ही चांगली गोष्ट आहे. पण किनाऱ्यावरच्या जमिनीवर आता पुष्कळांचा डोळा आहे. उद्या कोणी कागद पुढे करील. म्हणेल, "काका, इथं अंगठा करा."

आपण काय सांगायचे? "थांबा हो, आधी वाचू द्या."

महाराजांनी दरवाजा जपला. आपण आपली सही जपू.